खुर्च्या

खुर्च्या मीच मांडतो.
हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, अठरा वर्षं झाली.
बिंगो, लग्नं, मयत, लसीकरण,
आणि वर्षातून चारदा, विमान उतरलं तर, कोर्ट.
साठ खुर्च्या. न्यायाधीशबाईंसाठी हात असलेली एक,
बास्केटबॉलच्या जाळीखाली,
कारण टेबल दुसरीकडे मावत नाही.
आरोपीची कुठली, ते कुणी सांगत नाही.
ह्या खेपेला मी एक जरा पुसून घेतली.

पहाटेपासून धुकं.
खाडीवरचा बर्फ आणि आभाळ ह्यांच्यामधली
शिवणसुद्धा दिसत नाही.

कागदावर लिहिलंय: जेपिटी अक्पालिक
यांनी नऊ वाजता जातीनं हजर राहावं,
न राहिल्यास वॉरंट.
जातीनं. म्हणजे माझ्या बदली मुलगा चालणार नाही,
माझा कोट खुंटीला टांगून भागणार नाही.
तसा मी सप्टेंबरात हजर होतो: वारा.
जानेवारीत हजर होतो: बाईंना ताप.
दोन्ही वेळा गावातले गडी कॅरिबूमागे गेले, मी सोडून,
आणि परतल्यावर कुणी ना कुणी
माझ्या दारात पातेलं ठेवून गेलं.
पातेल्यावर नाव नसतं.
पण सिमिओनीच्या घरचं झाकण मी ओळखतो.

सिमिओनी, माझ्या बहिणीचा नवरा.
त्याचे पुढचे दोन दात मी पाडले, स्नोमोबिलच्या पान्यानं.
का, ते मला ठाऊक आहे आणि त्यालाही.
पोलिसांना फोन नर्सनं केला.
अट अशी, की मी त्याच्यापासून पन्नास मीटर लांब राहायचं.
हॉलच तीस मीटरांचा आहे.
गावात दुकान एक. तो आत असला
की मी बाहेर उभा राहतो, उणे चाळीसात,
आणि तो भराभर डबे उचलतो.

वकील दक्षिणेतून फोनवर म्हणाला,
काही कबूल करू नका, साक्षीदार फिरेल.
पण मी एक वाक्य तयार केलंय. लहानसं.
हो, मीच मारलं.
सप्टेंबरात बाहेर काढलं, परत ठेवलं.
जानेवारीत काढलं, परत ठेवलं.
मांस असं दोनदा वितळवून गोठवलं
तर कुत्रीही हुंगून बाजूला होतात.

अकराला आवाज आला.
सगळ्यांच्या माना वर.
विमान धुक्यावरून फिरलं, एकदा, दोनदा,
मग आवाज लहान लहान होत गेला
आणि ऊलीपिका म्हातारी विणता विणता म्हणाली,
'गेलं.'

नवा कॉन्स्टेबल, न्यूफाउंडलंडचा, मिसरूड फुटलेला,
तरी यादी वाचू लागला. काय करणार, नियम.
'जेपिटी अक्पालिक?'
'हजर.'
'पुढची तारीख अठरा जून.'
मी विचारलं, कोर्ट आलं नाही,
त्याच्यावर वॉरंट कोण काढतं?
लोक हसले. तोही हसला, मग लाजला,
आणि माझ्या नावापुढे खूण केली.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या मिटायला लागलो.
दुसऱ्या टोकाकडूनही आवाज येऊ लागला,
पत्र्यावर पत्रा, खट्, खट्.
त्या बाजूनं सिमिओनी, या बाजूनं मी.
कॉन्स्टेबल खिडकीकडे तोंड करून उभा.
धुक्यात काय दिसत होतं त्याला कोण जाणे.
शेवटच्या रांगेत आम्ही समोरासमोर आलो.
तो काहीतरी बोलला, दातांच्या फटीतून शीळ आली,
पहिल्यांदा मला कळलंच नाही.
'कडेचा बर्फ,' तो परत म्हणाला,
'जूनपर्यंत टिकायचा नाही.'

'हो,' मी म्हणालो.
वाक्यातला तेवढाच शब्द बाहेर आला.

हातवाली खुर्ची राहिली होती.
ती मिटत नाही.
दोघांनी मिळून उचलून आत नेली.